उसवायचे अभ्रे

मंगळवार, ४ मार्च

बारा खुर्च्या मांडल्या होत्या. आला एकच माणूस, तोही इथे रक्तदाब मोजून मिळतो का ते विचारायला.

आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावरची खोली. दारावर सिस्टरने स्वतः रंगवलेला फलक: ‘स्मृतिभ्रंश झालेल्यांची घरी काळजी घेणाऱ्यांसाठी आधारगट. दर मंगळवारी चार वाजता. या, मोकळे व्हा!’ उद्गारचिन्हाच्या टिंबाला हसरं तोंड काढलंय. मुलगी मनाने चांगली आहे, पण फलक लावला की काम झालं असं तिला वाटतं.

“पहिल्याच दिवशी कोण येतं, काकू?”

“दुसऱ्या दिवशीही नाही येणार. ज्याच्या घरात असं माणूस आहे तो चारच्या ठोक्याला मोकळा व्हायला निघेल कसा? माणसाला खुंटीला टांगून यायचं का?”

“मग काय करायचं?”

मला काय माहीत! हिने मला बोलावलं ते मी ह्यांचं सहा वर्षं एकटीने केलं म्हणून. ह्यांना एक दिवस कोणाच्या हाती दिलं नाही, लोक अजून सांगतात. पण केलं ते केलं. दुसऱ्याला ते शिकवायचं कसं हे मला येत नाही. बाराजणांच्या बिस्किटांतली जमतील तेवढी आम्ही दोघींनी खाल्ली आणि खुर्च्या परत रचून ठेवल्या.

ही वही ह्यांनी बांधलेली. हे बाइंडर होते. छापखान्यातून पुस्तकाचे छापील कागद, सुटे फर्मे, घरी यायचे, हे घड्या घालायचे, शिवण माझी. चौथीत शाळा सुटलेली मी, शिवता शिवता वाचायला लागले. कितीतरी पुस्तकं मी मधूनच सुरू केली आणि सुरुवात हातात पडली आठवड्याने. काही बिघडलं नाही. माझ्या टाक्याबद्दल हे म्हणायचे, कागद फाटेल पण हिचा दोरा सुटणार नाही.

मंगळवार, ११ मार्च

दोघं आली. एक बँकेत कॅशच्या खिडकीवर बसते, चाळिशीची. वडील तिच्याजवळ असतात, ती बाहेर असते तेवढा वेळ पगारी बाई सांभाळते. दुसरे मागच्या गल्लीतले शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या बायकोच्या आजाराला पाच वर्षं झाली.

कॅशियर बोलकी आहे. “बाबा मला रोज विचारतात, तुम्ही कोणाच्या? मी म्हणते, तुमचीच. तर म्हणतात, छे, माझी मुलगी इतकी जाड नव्हती.” सिस्टरला हसावं की नाही ते कळेना. मी हसले.

मास्तर घड्याळाकडे बघत होते, तेही मान वाकडी करून, भिंतीच्या अगदी जवळ जाऊन. सिस्टरने विचारलं, घरी कोण आहे?

“कोणी नाही. बाहेरून कडी लावून आलोय.”

सिस्टरचं पेन थांबलं. “हे बरोबर नाही हो. हे मला नोंदवावं लागेल.”

“नोंदवा,” मास्तर म्हणाले. “आणि नोंदवून झालं की कडीच्या जागी कोणाला उभं करणार तेही लिहा.”

मी सिस्टरची वही मिटली. तोवर मास्तर जिना उतरून गेले होते. सतरा मिनिटं बसले असतील. त्यांच्या मदतीला काढलेला हा गट, आणि त्यांना मिळालं काय, तर बोलणी.

बुधवार, १२ मार्च

मास्तरांकडे गेले. खाली दुकान, वर राहायची खोली, मध्ये शिडीसारखा उभा जिना. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत. मांडीवर उशीचा अभ्रा, हातात टाके उसवायचं बोथट पातं. टाका उचलायचा, दोरा ओढायचा, दोऱ्याची गुंडाळी डबीत टाकायची. खुर्चीशेजारी चिंध्यांचं गाठोडं. मान वर न करता मला म्हणाल्या, “तुमचं झालं नाही अजून. गुरुवारी या.”

मला राहवलं नाही. “मास्तर, आजारी बाईला कामाला जुंपलंय तुम्ही?”

“गिऱ्हाइकाचं नाही ते, ताई. असे चौदा अभ्रे आहेत. सकाळी मी कच्च्या टाक्याने शिवतो, दिवसभर ती उसवते. उद्या परत तेच शिवायचे. दुकानात उसवायचं काम पहिल्यापासून तिचं. हातात उसवायला असलं की ही जागेवर असते. नसलं की जिन्याकडे धावते.”

“रोज चौदा?”

“तीन वर्षं झाली. एकाही अभ्र्याने अजून उशी बघितलेली नाही.”

मग डोळ्यांचं निघालं. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून नावाला. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. सुईत दोरा ओवतात तो जिभेने चाचपून. डॉक्टरांनी सत्तावीस तारीख दिलीय आणि बजावलंय की आणखी लांबवलंत तर आत दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. आधीच्या दोन तारखा यांनी चुकवल्यात.

“मग जा की या वेळी!”

“हिला कोण बघेल?”

“मी बघेन.”

“तिला नवीन माणूस चालत नाही.”

“हा तुमचा हट्ट झाला, मास्तर.”

“तुम्ही तुमच्यांना कोणाकडे सोडलं होतं?”

“कोणाकडे नाही.”

“मग?”

“माझे डोळे शाबूत होते,” मी म्हणाले आणि जिना उतरले. वाटेत स्वतःशीच बडबडत होते. बरं करायला जावं, तर माणूस आपलंच उलटं आपल्याला ऐकवतो.

मंगळवार, १८ मार्च

सिस्टरने छापील कागद आणले होते: दीर्घ श्वास घ्या, छंद जोपासा, मित्रांना भेटा. कॅशियरने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “सिस्टर, मी आंघोळीला जाते तेव्हाही दार उघडं ठेवून जाते. छंद कुठे जोपासू? बादलीत?”

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली आणि रागही आला. पण तिनेच मग मुसमुसत विचारलं, “तुम्हाला हवंय काय, ते तरी सांगा.”

“कोणीतरी येऊन बसायला हवंय,” कॅशियर म्हणाली. “आम्ही इथे यायचं नाही. तुम्ही तिकडे यायचं.”

किती साधं! हे मला का सुचलं नाही? मी तर आयुष्यात कोणाला येऊन बस म्हटलं नाही, त्यामुळेच असेल. ठरलं असं: मी रोज तासभर मास्तरांकडे बसायचं, वहिनींना माझी सवय झाली की सत्तावीसला मास्तरांनी डोळा करून घ्यायचा. कॅशियर रजा टाकून त्यांच्याबरोबर जाणार. येताना दुकानात थांबून विचारलं, तर मास्तर ‘बघू’ म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे नाही असतं, पण या वेळी निदान मान हलली.

शनिवार, २२ मार्च

चार दिवस झाले. वहिनी मला गिऱ्हाईकच समजतात. आल्या आल्या ‘गुरुवारी या’ म्हणतात, मी ‘बरं’ म्हणून समोर बसते. त्यांची काही तक्रार नाही. माझी आहे. मला नुसतं बसता येत नाही. फडकं घेऊन मी खिडकी पुसली, डबे पुसले. चिंध्यांच्या गाठोड्यापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग होती, तीही पुसून काढली. आंबूस वास येतो खोलीत. पुरुषाच्या हातचं घर, दुसरं काय.

वहिनी फार बारीक आहेत. मनगट माझ्या दोन बोटांत मावेल. या आजारात माणूस झिजतंच. मास्तर म्हणतात, जेवणाची मात्र कटकट नाही. समोर बसलेलं तिला खपत नाही म्हणून ताट देऊन ते पाठ करून बसतात, आणि वळून हात फिरवतात तेव्हा ताट रिकामं. आजही होतं. आमचे हे तर शेवटी शेवटी एकेका घासाला अर्धा तास लावायचे. मास्तर त्या बाबतीत नशीबवान.

गुरुवार, २७ मार्च

माझी चूक झाली. लिहायलाच हवं.

मास्तर साडेसातला गेले. जाताना चौदाच्या जागी वीस अभ्रे शिवून ठेवले होते. पण त्यांना दिसत नाही. अर्धे टाके कापडाला लागलेच नव्हते. वहिनींनी ओढले की सरकन दोरा हातात. साडेनऊला वीसच्या वीस अभ्रे सुटे होऊन पडले आणि त्या उठून जिन्याकडे निघाल्या. मी वाट अडवली. कसंबसं बसवलं आणि सुई घेऊन स्वतः शिवायला लागले. भरभर, हात सांगेल तसं. हात सांगतो ते चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेलं.

त्यांना एक टाका उचलता येईना. पातं आत शिरेना. दुसरा अभ्रा घेतला, तोही तसाच. दातांनी ओढायला लागल्या. “कोणी शिवलंय हे? कोणी शिवलं?” असं ओरडून त्यांनी पातं सगळ्या जोराने घुसवलं. बोथट पातं, पण तळहातात गेलं. रक्त बघून त्या घाबरल्या, मला ढकललं, मी भांड्यांवर पडले. मला ते दोन्ही हात एकदम धरता येईनात. मी कॅशियरला फोन केला.

करायला नको होता. रक्त पाच मिनिटांत थांबलं. पण मास्तर डोळ्यात औषध घातलेलं, अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, तसेच रिक्षाने आले. नंबर पुढचाच होता. आत आले, वहिनींना जवळ घेतलं, जमिनीवरचा अभ्रा उचलून शिवणीवरून अंगठा फिरवला.

“ताई, हे पुस्तक नाही,” एवढंच म्हणाले.

शनिवार, २९ मार्च

सिस्टर येऊन गेली. तिला घटनेचा अर्ज भरायचाय. ‘घटनेचं कारण’ या रकान्यात काय लिहू, विचारत होती. मी म्हटलं, लिही: म्हातारीला चांगलं शिवता येतं.

मंगळवार, १ एप्रिल

गटाला गेले नाही. साडेपाचला कॅशियर दारात.

“रुसून बसलात?”

“मी तिथे येऊन उपयोग काय? माणसाचा डोळा घालवायला निघाले होते.”

“नवीन तारीख मिळालीय. चोवीस एप्रिल. डॉक्टर मास्तरांवर जाम उखडले. ही शेवटची, म्हणाले.” मग चप्पल काढून आत आली. “काकू, एक बोलू? तुम्ही सगळं एकट्याने करायला जाता. मी इस्पितळात नुसती बसले होते, सिस्टर केंद्रात होती, आणि तुम्ही एकट्या वीस अभ्रे शिवत होतात. हाक का नाही मारलीत?”

मी म्हटलं, मला सवय नाही.

“मग लावून घ्या. मला काय बाबांची सवय होती?”

तोंडाने फटकळ आहे. पण जाताना पाणी मागून प्याली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसली. घरी जायचं म्हणून उठवेना तिला. ह्यांच्यानंतर या खोलीत दुसरं कोणी बसलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

मास्तरांनी आम्हाला वाईट शिवायला शिकवलं. आम्ही तिघी, मी, सिस्टर, कॅशियर, खाली दुकानात. वहिनी वर, दार उघडं, मास्तरांचा एक कान तिकडे.

“दोरा गाठ न मारता घ्या. लांब लांब टाका. हां. अजून लांब.” माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवून म्हणाले, “ताई, अजून वाईट.”

“याहून वाईट मला येत नाही!”

“प्रयत्न करा.”

सिस्टरचा पहिलाच अभ्रा त्यांनी हातात घेतला आणि थांबलेच. वाकडा, ढिला, एक टाका इकडे, एक तिकडे, पण प्रत्येक टाका कापडाला लागलेला. “हे बघा! असं पाहिजे. देवाने यांना हात याचसाठी दिलाय.” सिस्टर इतकी खूश झाली की तिला चिडायचं सुचलंच नाही. कॅशियर टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

माझा सहावा अभ्रा पास झाला. घरी येऊन आणखी चार केले. हात ऐकत नाही. दोरा ढिला सोडला की आतून कोणीतरी म्हणतं, आवळ.

गुरुवार, २४ एप्रिल

झालं! ऑपरेशन झालं. मास्तर रात्रभर तिथेच राहणार, उद्या पट्टी काढणार. आम्ही तिघींनी मिळून पंचेचाळीस अभ्रे जमवले होते, आणखी कॅशियरच्या बँकेतल्या कोणाकोणाकडून जुनं कापड. आळीपाळीने दोघी दोघी बसलो. वहिनींनी तेवीस उसवले. मध्ये एकदा जिन्याकडे गेल्या, मीही गेले, दोघी वरच्या पायरीवर बसून राहिलो, परत आलो. ताट दिलं, पाठ केली, ताट रिकामं. सगळं मास्तर करतात तस्संच केलं. एकही चूक नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

दुपारी मास्तर आले. काळा चष्मा. कॅशियरने हात धरला होता, तो सोडवून ते एकटे जिना चढले. वहिनींसमोर उभे राहिले. चष्मा काढू नका, कॅशियर ओरडली, पण त्यांनी काढला.

मला वाटलं, आता हे आनंदाने काहीतरी बोलतील.

“ही एवढीशी कधी झाली?”

त्यांनी वहिनींचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं.

“ताई, ही कधी झाली अशी?”

“आधीपासूनच बारीक आहेत की,” मी म्हणाले.

त्यांनी ताट वाढायला सांगितलं. दिलं, आणि पाठ केली नाही. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून बघत राहिले. वहिनींनी एक घास तोंडात घेतला. बाकीचा भात बोटांनी गोळा केला, चिंधीत ठेवला, चिंधीची नीट पुरचुंडी बांधली आणि गाठोड्यात टाकली. मग दुसरी चिंधी. मग तिसरी. ताट स्वच्छ. गिऱ्हाइकाचे कपडे बांधून ठेवावेत तसं.

मास्तरांनी गाठोडं उघडलं. मी तोंड फिरवलं, पण वास आलाच. तोच आंबूस वास.

“दर रविवारी हे मी बाहेर टाकतो,” ते म्हणाले. “जड लागायचं. मला वाटायचं, काम किती करते बाई.”

मग माझ्याकडे वळले. “तुम्ही किती दिवस येताय?”

“पाच आठवडे.”

“तुम्हाला दिसतं.”

“मला वाटलं, या आजारात असं होतंच. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला कसं ठाऊक असणार?” ते ओरडले. त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. “मुंग्या पुसल्यात तुम्ही! मुंग्या कशाला आल्या ते बघितलं नाहीत? जा, ताई. आता मला दिसतं. आता कोणी नको.”

कॅशियर म्हणते, दोन दिवसांत शांत होतील. मला त्यांच्या रागाचं काही नाही. राग खरा आहे. मी संतापलेय ती माझ्यावर. पाच आठवडे येऊन समोर बसले आणि घर पुसत राहिले.

मंगळवार, २९ एप्रिल

मास्तर गटाला आले नाहीत. सिस्टरने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आधी वजन बघा, आठवड्याच्या आठवड्याला बघा, मऊ आणि थोडं थोडं द्या, आणि कोणीतरी समोर बसून भरवा. ‘वजन बघा’ म्हणे. काटा आरोग्य केंद्रात आणि वहिनी त्या शिडीसारख्या जिन्याच्या वर.

“काटा न्यायचा,” मी म्हणाले.

“काकू, तो जुना लोखंडी आहे. आणि सही लागते.”

“सही तू कर. उचलू आपण दोघी.”

बुधवार, ३० एप्रिल

नेला. जिन्यावर दोनदा टेकवला. सिस्टरचं बोट चेंगरलं, माझी कंबर आज मला माझी वाटत नाही. मास्तर वरून बघत होते. त्यांना वाकायची, उचलायची मनाई आहे, नाहीतर मदतीला आले असते की दार लावलं असतं ते सांगता येत नाही.

“काय पाहिजे, ताई?”

“वजन करायचंय वहिनींचं. मग जाते.”

वहिनी काट्यावर उभ्या राहायला तयार होईनात. मास्तर म्हणाले, “माप घ्यायचंय, सरळ उभी राहा,” तर लगेच राहिल्या, हात बाजूला पसरून. काटा छत्तीसवर थांबला. सिस्टरने लिहिलं. मास्तरांनी स्वतः वाकायला नको म्हणून गुडघे टेकले आणि आकडा वाचला.

मग विचारलं, “तुमच्यांचं किती होतं, शेवटी?”

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, “माहीत नाही.” आणि मग, एवढ्यावर थांबता आलं असतं पण थांबले नाही. “सदरे खांद्यावरून उतरायला लागले होते. मी म्हणायचे, धुऊन धुऊन कापड ताणलंय. नवे घेऊ म्हणायचे. दुसरं कोणी बघायलाच नव्हतं, मास्तर. मी कोणाला येऊच दिलं नाही.”

हे मी या वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

मास्तरांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. मऊ भात होता, दूध घालून कालवलेला. वहिनींच्या हातात त्यांनी अभ्रा राहू दिला. चिंध्या सगळ्या काढून टाकल्यात. वहिनी टाका उचलण्यात गुंतल्या की चमचा पुढे करायचा, ही त्यांची कल्पना. पहिल्यांदा तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा घेतला. सिस्टर बोट तोंडात धरून बघत होती.

आठव्या घासानंतर मी म्हटलं, “नऊ झाले.”

“आठ,” मास्तर म्हणाले.

“नऊ. मधला एक तुम्ही चष्मा पुसत होतात तेव्हा गेला.”

“तो बाहेर आला, ताई. हे बघा हनुवटीवर.”

“तो वेगळा!”

सिस्टरने लिहायचं थांबवलं. “आठ लिहू की नऊ?”

“भांडू नका,” वहिनी अभ्र्यातून मान वर न काढता म्हणाल्या.

मास्तरांनी चमचा भरला, अर्धाच, आणि पुढे केला. तोंड उघडलं. घास आत गेला, गालात राहिला. मास्तर डावीकडून पुढे वाकणार होते, मी त्यांना खांद्याला धरून मागे ठेवलं आणि दोघांनी बसल्या जागेवरून वहिनींच्या गळ्याकडे बघितलं. एक टाका उसवला. आणखी एक उसवला. मग गळा हलला आणि घास खाली उतरला.